झोपलेला श्रोता

बाळ झोपलं की नाही हे गाणाऱ्याला कसं कळतं? परवा रात्री वहिनी सात महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती आणि मी दारातच अडकलो होतो, कारण पाऊल टाकलं असतं तर खोलीतली सैल फरशी वाजली असती. "भाऊजी, हलू नका," हेही तिनं चालीत बसवूनच सांगितलं. गाणं काही खास नव्हतं. दोनच ओळी, आणि त्याही तिला धड आठवत नसाव्यात, कारण तिसऱ्या फेरीपासून शब्दांच्या जागी नुसतं 'हं हं' यायला लागलं. पण त्या वीस मिनिटांत ते गाणं सारखं बदलत होतं. पोर चुळबुळलं की आवाज किंचित वर चढायचा. मूठ सैल पडली की लय आणखी संथ व्हायची. श्वास लांबत गेला तशा दोन ओळींमधल्या जागाही लांबत गेल्या. शेवटी एका ओळीच्या मधोमध ती थांबली. ओळ पुरी करायची गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या रात्री वहिनी दमली होती, म्हणून तेच काम मोबाइलला दिलं. 'बाळाच्या झोपेसाठी' अशी तयार यादी मिळतेच. आवाज वहिनीपेक्षा कितीतरी गोड, सूर पक्का, वाद्यं मऊ. पोर झोपलंसुद्धा. मोबाइलला मात्र त्याचा पत्ता नव्हता. दहा मिनिटांनी, सगळीकडे सामसूम असताना, जाहिरातीतला एक गृहस्थ "आजच डाउनलोड करा!" असं ओरडला आणि पोर दचकून उठलं.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. गाणारा माणूस गातो तेव्हा ऐकतही असतो. अंगाई हे तर असं विचित्र गाणं आहे की ज्याच्यासाठी गायचं तो ऐकेनासा झाला की ते साधलं. आज आपण ज्या यंत्रणेकडून संगीत घेतो तिचा हिशोब बरोबर उलटा आहे. ऐकणारा निघून गेला की तिचं नुकसान. संगीत माणसाच्या आयुष्यात काय काय करतं याबद्दल भरभरून बोललं जातं, ते खरंही आहे; पण त्यातली निम्मी कामं आपण अशा यंत्रणेकडे सोपवली आहेत जिला काम कधी संपलं हेच कळून घ्यायचं नाही. याचं सगळं खापर तंत्रज्ञानावर फोडून मोकळं होता येत नाही. पैशाची घडी आणि आपला आळस या दोन्हींचा त्यात वाटा आहे.

आधी या कामांचं जुनेपण पाहू. जर्मनीतल्या होले फेल्स नावाच्या गुहेत २००८ साली एक बासरी सापडली. गिधाडाच्या पंखाच्या हाडाची, पाच भोकांची, ३५ हजार वर्षांहून जुनी. हिमयुगात, थंडीनं आणि भुकेनं जीव मेटाकुटीला आलेला असताना, कुणीतरी बसून हाडाला नीट अंतरावर भोकं पाडली. 'रिकामटेकड्यांचा उद्योग' म्हणून ती बाजूला सारता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या ८६ छोट्या समाजांतली गाणी घेतली आणि ६० देशांतल्या ७५० लोकांना त्यांचे चौदा-चौदा सेकंदांचे तुकडे ऐकवले. भाषा कळत नाही, लोक माहीत नाहीत, कधी ते गाणं ऐकलेलं नाही. तरीही नाचाचं कोणतं आणि अंगाई कोणती हे लोकांनी चांगलं ओळखलं. आजार बरा करण्यासाठी गायलेली गाणीही थोडीफार ओळखली. प्रेमगीत मात्र ओळखता आलं नाही. यात नवल वाटू नये. ज्याच्यासाठी गायलं जातं त्यालाही ते पुष्कळदा कळत नाही.

म्हणजे गाण्याचं काम गाण्याच्या घडणीतच असतं. कुणीतरी कुणालातरी झोपवतंय, नाचवतंय, धीर देतंय, हे सुरातून समजतं. यात 'उपयोग' हा शब्द आणला की मात्र घोटाळा सुरू होतो. १९९३ साली अमेरिकेत ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची एक रचना ऐकवून कागदाच्या घड्या ओळखण्यासारखी कोडी दिली गेली. त्यांचे गुण थोडे वाढले आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. प्रयोग एवढाच. त्याचं 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' कधी झालं ते कळलंही नाही. १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी किंवा कॅसेट देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मागितले. बाळाच्या आईला गायला वेळ मिळावा म्हणून तिच्या रजेसाठी कुणी पैसे मागितल्याचं मात्र त्या चर्चेत ऐकू आलं नाही. संगीत गोळीसारखं द्यायचं, डोस ठरवायचा, परिणाम मोजायचा. तेव्हा सीडी होती, आज यादी आहे. 'एकाग्रतेसाठी', 'व्यायामासाठी', 'दुःखासाठी', 'पावसाळी संध्याकाळसाठी'.

कामाच्या गाण्याचं काय झालं हे इथे जरा सविस्तर सांगतो, कारण अंगाईच्या बाबतीत जे आता होतंय ते कामाच्या गाण्याच्या बाबतीत आधीच होऊन गेलंय. पूर्वी दोर ओढणारे, धान्य कांडणारे, वल्ही मारणारे लोक जगभर गात. गाणं त्यांच्याच हातात असे. दमले की लय उतरवायची, उशीर झाला की चढवायची, मुकादमाची टिंगल करायची असेल तर ती कडव्यात घालायची. मग कारखाने आले, यंत्रांचा आवाज आला, आणि गाणं वरून यायला लागलं. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये, बीबीसीनं कारखान्यांतल्या कामगारांसाठी रोज दोनदा अर्धा-अर्धा तास संगीत लावायला सुरुवात केली. हेतू वाईट नव्हता. युद्धसामग्री बनवणाऱ्या माणसांना तेच तेच काम करून वीट येत होता, त्यांना बरं वाटावं आणि उत्पादन वाढावं. नियम असे की लय एकसारखी हवी, आवाज यंत्रांच्या वर जायला हवा, फार हळवं काही नको. त्यातच एक अमेरिकन गाणं लोकप्रिय झालं. त्यात ठरावीक जागी चार टाळ्या होत्या. कामगारांच्या हातात पाने आणि हातोडे. टाळीची जागा आली की ते यंत्रांवर आपटायचे. शेकडो माणसं, एका ठेक्यात. बीबीसीनं ते गाणं त्या कार्यक्रमातून वगळलं.

मला ही हकिगत फार आवडते. संगीतानं माणसाला तरतरीत करावं हे व्यवस्थापनाला चालतं. माणसानं संगीतात भाग घेतला की मात्र यंत्राला पोचे पडतात.

अमेरिकेत म्युझॅक नावाच्या कंपनीनं ही कला आणखी पुढे नेली. १९३४ सालची ही कंपनी तारेवरून कचेऱ्या, कारखाने, दुकानं, लिफ्ट अशा ठिकाणी संगीत पुरवायची. पुढे त्यांनी एक पद्धतच बसवली. पंधरा मिनिटांचा तुकडा, त्यात गाण्यांचा जोर टप्प्याटप्प्यानं चढत जाणार, मग पंधरा मिनिटं शांतता. दिवसात माणूस कधी मरगळतो याचा अंदाज घेऊन हा चढ बेतलेला. शब्द काढून टाकलेले, कारण शब्द आले की लोक ऐकायला लागतात. ऐकायला नको, नुसतं कानावर पडायला हवं. आजच्या 'एकाग्रतेसाठी'च्या यादीचं मूळ अंगाईपेक्षा या लिफ्टमध्येच शोधावं लागेल.

हे सगळं सुरू होण्याआधीच एका संगीतकारानं त्याची मौज करून ठेवली होती. एरिक साती या फ्रेंच माणसानं 'फर्निचर संगीत' अशी कल्पना काढली, खोलीतल्या खुर्चीइतकंच ज्याकडे लक्ष द्यायचं असं संगीत. १९२० साली पॅरिसमध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवलं गेलं. वादक सुरू झाले आणि बाहेर निघालेले प्रेक्षक परत जागेवर येऊन गप्प बसले. सातीची फजिती झाली. तो लोकांमध्ये फिरून सांगू लागला, अहो बोला, हिंडा, ऐकू नका! लोक काही ऐकेनात, म्हणजे ऐकतच राहिले. शंभर वर्षांपूर्वी माणसांना समोर वाजणारं संगीत दुर्लक्षित करता येत नव्हतं. आता ते आपल्याला इतकं छान जमतं की गाणं संपल्याचंही कळत नाही.

आता पैशाच्या घडीकडे येतो. स्ट्रीमिंगच्या बहुतेक ठिकाणी गाणं तीस सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' असं धरतात. एकतिसाव्या सेकंदाला तुम्ही रडत आहात, नाचत आहात की खोलीतच नाही, याच्याशी हिशोबाला देणंघेणं नाही. दुसरा नियम लोकांना सहसा माहीत नसतो. तुम्ही महिन्याला भरलेले पैसे तुम्ही ऐकलेल्या गायकांना जातात असं वाटतं. तसं होत नाही. साऱ्या श्रोत्यांचे पैसे एका हौदात जातात आणि एकूण वाजण्यात ज्याचा जेवढा वाटा तेवढं त्याला मिळतं. तुम्ही महिनाभर एकाच सारंगीवादकाला जीव लावून चाळीस वेळा ऐकलं, आणि शेजारच्यानं रात्रंदिवस कुणाचं तरी काहीतरी चालू ठेवलं, तर तुमच्या पैशातला मोठा भाग शेजाऱ्याच्या आवडीला जातो.

आता या दोन नियमांच्या मध्ये एक झोपलेला माणूस ठेवा. तो रात्री पावसाचा आवाज लावतो. त्या आवाजाचे एकतीस सेकंदांचे तुकडे केलेले असले तर आठ तासांत ते ९२९ वेळा वाजतात. जागा माणूस कितीही रसिक असला तरी दिवसाला ९२९ गाणी ऐकू शकणार नाही. म्हणजे या बाजारात सर्वांत खंदा श्रोता कोण, तर झोपलेला. हे काही माझ्या मनाचे मांडे नाहीत. २०१४ साली व्हल्फपेक नावाच्या अमेरिकन बँडनं स्पॉटिफाय या स्ट्रीमिंगच्या ठिकाणी एक अल्बम चढवला. दहा 'गाणी', प्रत्येक तीस सेकंदांहून जेमतेम मोठं, आणि सगळी निःशब्द. आवाजच नाही. चाहत्यांना सांगितलं, झोपताना लावून ठेवा. त्यातून सुमारे वीस हजार डॉलर जमले आणि त्या पैशांवर त्यांनी विनातिकीट कार्यक्रम केले. स्पॉटिफायनं अल्बम काढून टाकला, पण हौदाला भोक कुठे आहे ते सगळ्यांना दिसलं.

भोक पुढे बुजवलं, पण कसं ते पाहा. २०२४ पासून स्पॉटिफायवर पावसाच्या, पंख्याच्या, लाटांच्या आवाजांना पैसे मिळायला निदान दोन मिनिटांची लांबी लागते आणि मोबदलाही गाण्यापेक्षा कमी. हे ठीकच झालं. त्याच वेळी आणखी एक नियम आला: वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळणार नाही. नऊशे वेळा वाजलेलं गाणं म्हणजे हिशोबाला शून्य. छोट्या भाषेत, छोट्या गावात, मोजक्या लोकांसाठी गाणाऱ्याचं गाणं बहुधा याच रांगेत असतं. रक्कम तशी किरकोळच असते, हे मान्य. पण नऊशे जाग्या माणसांना शून्य आणि झोपलेल्याला काहीतरी, असं ज्या तराजूत ठरतं तो तराजू संगीताचा म्हणवत नाही.

या रस्त्याचं टोक २०२४ च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या एका माणसावर सरकारी वकिलांनी आरोप ठेवला. आरोप असा की त्यानं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लाखो गाणी बनवून घेतली, खोटी खाती आपोआप चालवणारे प्रोग्राम (बॉट) बसवून ती अब्जावधी वेळा वाजवली आणि एक कोटी डॉलरहून जास्त मानधन उचललं. गाणारं कुणी नाही, ऐकणारं कुणी नाही, आणि मधून पैसे वाहताहेत. लोक याला फसवणूक म्हणतात आणि ती आहेच. पण फसवणूक करणाऱ्यानं नियम मोडला तो फक्त 'ऐकणारा खरा असावा' एवढाच. बाकी सगळं त्यानं नियमाबरहुकूम केलं.

यंत्रानं बनवलेल्या गाण्यांबद्दल 'त्यांत आत्मा नसतो' असं म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ते म्हणणं कमकुवत वाटतं. आत्मा ही चीज डोळे बांधून ऐकल्यावर ओळखू येत नाही, आणि माणसांनी केलेली निर्जीव गाणी आपण सगळ्यांनीच सोसलेली आहेत. हरकत वेगळीच आहे. वहिनीच्या 'हं हं'मध्ये सूर बेताचा होता, पण ते कुणासाठी आहे हे तिला ठाऊक होतं.

इथे माझ्या विरोधात बोलणाऱ्यांची बाजू मांडायला हवी, कारण ती लंगडी नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता कुणाचा तरी आवाज सोबतीला मिळतो तो याच यंत्रणेमुळे. ज्यांना गुरू मिळाला नसता, फी परवडली नसती, अशी हजारो मुलं व्हिडिओ मागेपुढे करत वाद्य शिकली. ज्या गाण्यांच्या तबकड्या मोजक्या संग्राहकांच्या कपाटात होत्या त्या आता कुणालाही ऐकता येतात. आणि 'पूर्वी सगळे गायचे' हे सांगतानाही जरा जपून सांगावं. पूर्वी कुणी गायचं आणि कुणी गायचं नाही हे पुष्कळदा जातीनं, लिंगानं आणि पैशानं ठरायचं. अमेरिकन बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यानं १९०६ साली ग्रामोफोनविरुद्ध लेख लिहिला, की आता लोक स्वतः गाणार नाहीत, गळेच निकामी होतील. लोकांनी त्याची थट्टा केली, आणि बरोबरच केली. पुढच्या शंभर वर्षांत तबकड्या ऐकून ऐकूनच केवढे गायक तयार झाले.

तरी सूझा अगदीच चुकला असं मला वाटत नाही. गायक वाढले, गाणारे कमी झाले. हा फरक दाखवायला एक वाढदिवस पुरे.

आमच्या कचेरीत एका सहकाऱ्याचा वाढदिवस होता. बारा-पंधरा माणसं टेबलाभोवती, मेणबत्त्या पेटलेल्या, दिवे मालवलेले. कुणीतरी म्हणालं, "अरे, गाणं लाव." मोबाइल स्पीकरला जोडला गेला आणि आधी जाहिरात लागली, पुढे ढकलता न येणारी. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या पवित्र्यात हात धरून उभे. मेण ओघळायला लागलं. जगातलं बहुधा सर्वांत सोपं गाणं, सगळ्यांना पाठ, आणि एकानंही सुरुवात केली नाही. मग गाणं आलं. त्यात नावाची जागा आली तेव्हा गाणारे थांबले आणि नुसतं संगीत वाजलं, कारण ध्वनिमुद्रणाला नाव कुठून माहीत असणार? त्या रिकाम्या जागेत तिघांनी तीन वेगवेगळ्या वेळी नाव घेतलं. उत्सवमूर्ती कसंनुसं हसली.

याच गाण्याची आणखी एक कथा आहे. त्याची चाल १८९३ मधली, केंटकीतल्या हिल आडनावाच्या दोन बहिणींनी लहान मुलांना वर्गात गाता यावी म्हणून छापलेली. तरी एकविसाव्या शतकापर्यंत एक कंपनी त्या गाण्यावर हक्क सांगून चित्रपटवाल्यांकडून पैसे घेत होती. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं तो हक्क मान्य नाही असं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी १.४ कोटी डॉलरची तडजोड झाली. आम्हाला ते गाणं फुकट गायची परवानगी मिळाली, आणि आम्ही स्पीकर लावला.

मालकीचा हा प्रश्न ऑनलाइन जगात आणखी वेडावाकडा झालाय, कारण तिथे पहिला निवाडा यंत्र करतं. २०१८ साली जेम्स ऱ्होड्स या पियानोवादकानं घरात वाजवलेल्या बाखच्या रचनेचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. जर्मन संगीतकार बाख १७५० सालीच वारला. तरी यंत्रानं त्यातली ४७ सेकंदं एका मोठ्या संगीत कंपनीच्या मालकीची ठरवून आवाज बंद केला. ऱ्होड्सनं आरडाओरडा केल्यावर दावा मागे घेतला गेला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकारानं स्वतः तयार केलेल्या दहा तासांच्या नुसत्या खरखरीवर यूट्यूबवर पाच जणांचे मालकीचे दावे आले. प्रसिद्ध माणूस भांडतो आणि सुटतो. ज्याला कुणी ओळखत नाही तो मुकाट्यानं व्हिडिओ काढून टाकतो आणि पुढच्या वेळी गात नाही. या यंत्राच्या धाकाचा वापर कसा होऊ शकतो तेही पाहून घ्या. २०२१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये निदर्शक चित्रण करत होते, तेव्हा एका पोलिस अधिकाऱ्यानं मोबाइलवर एक गाजलेलं पॉप गाणं लावलं. हेतू त्यानं उघड सांगितला: हे आता यूट्यूबवर टाकता येणार नाही. व्हिडिओ टिकला आणि भरपूर पसरला. पण संगीताच्या अनेक भूमिकांची यादी करणाऱ्यांनी ही एक भूमिकाही लिहून ठेवावी: तोंड दाबण्याचा बोळा.

ती काही नवीही नाही. १९८९ च्या डिसेंबरात पनामाचा हुकूमशहा नोरिएगा व्हॅटिकनच्या वकिलातीत लपला, तेव्हा अमेरिकी सैन्यानं बाहेर भोंगे लावून दिवसरात्र रॉक संगीताचा मारा केला. डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नसतात. संगीत माणसाला जोडतं, बरं करतं, हे सांगताना लोक ही बाजू विसरतात. ऐकणाऱ्याला थांबवता येतं की नाही, यावर ते संगीत आहे की छळ, हे ठरतं.

आणि बरं करतं हेही खरंच आहे, पण कसं ते बारकाईनं पाहिलं तर मुद्दा पुन्हा तिथेच येतो. पक्षाघातानं मेंदूच्या डाव्या बाजूचा बोलण्याचा भाग निकामी झालेले कित्येक रुग्ण 'पाणी' हा शब्द बोलू शकत नाहीत, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणू शकतात. १९७३ पासून यावर आधारलेली एक उपचारपद्धत वापरात आहे. उपचार करणारी व्यक्ती रुग्णाचा डावा हात हातात घेते, त्यानं ठेका धरते, आणि दोन-तीन शब्दांचं वाक्य दोन सुरांत गाते. आधी ती एकटी, मग दोघं मिळून, मग तिचा आवाज विरत जातो आणि रुग्ण पुढे जातो. शेवटी सूरही काढून घ्यायचा असतो, नुसतं बोलणं उरावं म्हणून. हे यादी लावून होत नाही. समोरच्याचं अडखळणं ऐकत, त्याच्यापुरतं गाणं सोडत सोडत न्यावं लागतं. अंगाईसारखंच.

मग ऑनलाइन जग यात काहीच करू शकत नाही का? करू शकतं, आणि एकदा त्यानं केलंही. २०२० च्या डिसेंबरात नेथन एव्हान्स नावाच्या स्कॉटिश पोस्टमननं टिकटॉकवर न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरच्या देवमाशांच्या शिकारीच्या काळातलं एक जुनं गाणं म्हटलं. एक माणूस, मुठीनं ठेका. टिकटॉकवर दुसऱ्याच्या व्हिडिओशेजारी आपला व्हिडिओ जोडायची सोय आहे. कुणी खर्जातला आवाज जोडला, कुणी वरचा, कुणी व्हायोलिन. जानेवारीत, जग टाळेबंदीत घरी बसलेलं असताना, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकाच गाण्यात थर चढवत गेली. (जाणकारांनी तेव्हाच बजावलं की ते काही खरं नाविकांचं श्रमगीत नव्हे. कुणी ऐकलं नाही, आणि बरं झालं.) तिथे तंत्रानं फक्त एक जागा मोकळी सोडली होती, पुढच्या माणसासाठी. मग नेहमीचं झालं. करार झाला, नाचायला सोयीचं रीमिक्स निघालं, ते मार्चमध्ये ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत पहिलं आलं. म्हणायचं गाणं लावायचं गाणं झालं. एव्हान्सनं पोस्टाची नोकरी सोडली, त्याचं भलं झालं, याचा आनंदच आहे.

म्हणजे भूक होती आणि आहे. सोय तशी केली तर माणसं गातात. म्हणून माझा रोख लोकांच्या आवडीनिवडीवर नाही, सोयी कशा बेतल्या जातात त्यावर आहे, आणि सोयी बदलता येतात. श्रोत्याचे पैसे त्यानं ऐकलेल्यांनाच द्यायची पद्धत काही स्वप्नातली नाही. साउंडक्लाउड या गाणी ऐकवणाऱ्या संकेतस्थळानं २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी ती सुरू केली. मोठ्यांपैकी बहुतेकांना ती नको असावी, कारण हौदात मोठ्यांचं भलं होतं. कायद्यानं किमान एवढं तरी मागावं की कोणाचे पैसे कुठे गेले ते पैसे देणाऱ्याला दिसेल. एक गाणं संपलं की दुसरं आपोआप सुरू होणं ही मुळात बंद असलेली गोष्ट असावी. ज्याला हवं त्यानं चालू करावी. आज ती चालू असते आणि बंद करायची कळ तीन पडद्यांच्या आत पुरलेली असते. स्वतः वाजवलेल्या, स्वतः गायलेल्या जुन्या रचनेवर यंत्रानं दावा ठोकला तर पुरावा दावा करणाऱ्यानं द्यावा, गाणाऱ्यानं नव्हे, आणि खोट्या दाव्याला दंड असावा. यंत्रानं बनवलेलं गाणं तसं लिहून विकावं. शाळेत संगीताचा तास गणितात गुण वाढावेत म्हणून ठेवू नये, तसाच तो स्पर्धेसाठी चार मुलं निवडून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवण्यासाठीही नसावा. ज्या वयात पोरांना लाज नसते त्या वयात आपण त्यांना ती शिकवतो. "तू नुसते ओठ हलव," हे वाक्य ऐकून गाणं कायमचं सोडलेली माणसं मला निदान पाच तरी माहीत आहेत, आणि त्यांतला एक मीच.

"पण मला गाताच येत नाही," असं यावर बहुतेक जण म्हणतात. सूर खरोखरच न कळण्याची जन्मजात अडचण असते. ती शंभरात फार तर चार जणांना असते. बाकीच्यांना गाता येतं, चांगलं गाता येत नाही, एवढंच. अंगाईला चांगलं गाण्याची अट कधीच नव्हती.

आमचा दादा याचं उदाहरण आहे. त्याच्या गळ्यात दोन सूर आहेत आणि त्यांचंही एकमेकांशी पटत नाही. जाहिरातीच्या त्या रात्रीनंतर वहिनी म्हणाली, उद्यापासून मोबाइल नको, तुझी पाळी. दादाला एकही गाणं शेवटपर्यंत येत नाही. तेव्हा त्यानं पोरीला खांद्यावर घेऊन येरझारा घालत आठवड्याच्या कामांची यादीच त्या दोन सुरांत लावली: सोमवारी विजेचं बिल भरायचं गं, मंगळवारी गाडी गॅरेजला, बुधवारी साहेबांना अहवाल द्यायचा, साहेब फार चिडका गं. मी पलीकडच्या खोलीत हसू दाबत ऐकत होतो. बुधवारचा साहेब त्यानं तीनदा घोळवला, दर वेळी आधीपेक्षा हळू. गुरुवार आलाच नाही.